फुटसालच्या सामन्याआधी कॅफीन: किती, केव्हा आणि कोणी घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा खेळाडू हौशी फुटसाल (इनडोअर फुटबॉल) संघात विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळतो, वजन ६४ किलो. सामने बहुतेक रात्री साडेआठला असतात. संघातले काही जण सामन्याआधी २०० मिलिग्रॅमची कॅफीनची गोळी घेतात, एक जण त्यावर एनर्जी ड्रिंकही पितो. यानं खेळात खरोखर फरक पडतो का, किती घ्यावं, हे डोपिंगमध्ये मोडतं का, आणि संघातल्या सोळा वर्षांच्या मुलानं घेतलं तर चालेल का, हे त्याला जाणून घ्यायचं आहे.

इनडोअर फुटबॉल संघांच्या आहाराचं आणि तंदुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक संघात कोणीतरी विचारतंच. आधी सरळ उत्तर देतो. कॅफीननं फरक पडतो. तो लहान असतो, बऱ्याच जणांना मिळतो, सगळ्यांना मिळत नाही. तुमच्या वजनाला २०० मिलिग्रॅम हा डोस वावगा नाही. पण तुमचा प्रश्न वाचताना मला जास्त खटकली ती साडेआठची वेळ. रात्रीच्या सामन्याला घेतलेल्या गोळीचा हिशेब शेवटच्या शिट्टीनंतरही चालू राहतो आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशीच्या सरावातून होते. म्हणून डोस वजनावरून ठरवा, पण घ्यायचं की नाही आणि कधी, हे झोपेच्या वेळेपासून मागे मोजत ठरवा. बाकी सगळं उत्तर याच भोवती आहे.

कॅफीन शरीरात करतं काय, ते आधी बघू. आपण जागे असतो, काम करत असतो, तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या आपल्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, जाऊन बसलं की थकवा आणि झोप जाणवायला लागते. कॅफीनची रचना अडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच्या खुर्चीत आधीच जाऊन बसतं. अडेनोसिन तिथेच असतं, फक्त त्याला बसायला जागा मिळत नाही. त्यामुळे थकव्याचा निरोप उशिरा पोहोचतो, तेवढंच काम थोडं कमी कष्टाचं वाटतं, सावधपणा वाढतो. थकवा नाहीसा झालेला नसतो, इंधनही वाढलेलं नसतं. दुपारपासून नीट न जेवलेल्या खेळाडूला कॅफीननं जोर येत नाही, त्याला फक्त आपण रिकामे आहोत हे उशिरा कळतं.

जुन्या पुस्तकांत याचं वेगळं कारण दिलेलं आढळेल. १९७८ साली कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंना ३३० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तेव्हा ते दमेपर्यंत सुमारे ९० मिनिटं सायकल चालवू शकले. कॅफीनशिवाय तोच आकडा ७५ मिनिटांच्या आसपास होता. त्यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं की कॅफीनमुळे चरबी जास्त जळते आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वाचतो. पुढच्या संशोधनात हे स्पष्टीकरण टिकलं नाही, कारण ग्लायकोजेन संपण्याचा प्रश्नच येत नाही अशा काही मिनिटांच्या कामातही कॅफीनचा फायदा दिसला. आज मुख्य भर मेंदूवरच्या परिणामावर दिला जातो. ‘फॅट बर्नर’ म्हणून कॅफीन विकणारे अजून जुन्याच कल्पनेवर धंदा करतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता फुटसालकडे वळू. मैदान साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, प्रत्येकी पाच खेळाडू, २० मिनिटांचे दोन डाव आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. त्यामुळे कागदावर ४० मिनिटं असली तरी सामना सव्वा ते दीड तास चालतो. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणजे तुम्ही सलग खेळत नाही. काही मिनिटं जीव तोडून खेळता, बाहेर बसता, पुन्हा आत जाता. मैदानावर असताना हृदयाचे ठोके सरासरी कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत असतात. सामन्यात एकूण धावणं साधारण तीन ते साडेचार किलोमीटर होतं, पण तो आकडा फसवा आहे. दहा-बारा मीटरची झेप, थांबणं, वळणं, पुन्हा झेप, हे सतत चालू असतं. पायांना सगळ्यात महाग पडतं ते थांबणं आणि वळणं.

अशा खेळात कॅफीन कुठे उपयोगी पडेल? सहनशक्तीच्या कामांत त्याचा फायदा सर्वात खात्रीनं दिसतो, सुमारे २ ते ४ टक्के. उडीच्या उंचीतही लहानशी वाढ दिसते. एकट्या स्प्रिंटच्या वेळेत फार काही होत नाही. थोड्या विश्रांतीनं पुन्हा पुन्हा केलेल्या स्प्रिंटमध्ये निकाल मिश्र आहेत, काही चाचण्यांत फायदा दिसतो, काहींत नाही. फुटसालपटूंवर थेट झालेले अभ्यास थोडे आणि त्यांतले खेळाडूही थोडे, म्हणून आपल्याला मैदानी फुटबॉल आणि इतर सांघिक खेळांवरून अंदाज बांधावा लागतो. तिथला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. २००९ साली फॉस्केट आणि सहकाऱ्यांनी १२ फुटबॉलपटूंना किलोमागे ६ मिलिग्रॅम कॅफीन देऊन ९० मिनिटांचा सामन्यासारखा व्यायाम करायला लावला आणि त्यातच पास देण्याची चाचणी घेतली. कॅफीन घेतलेल्या दिवशी पास अधिक अचूक होते आणि उडीही उंच होती. दम लागलेला असताना पायाचं काम नीट राहणं फुटसालमध्ये सोन्यासारखं आहे. दुसऱ्या डावाच्या शेवटी संघाचा पाचवा फाउल झालेला असताना पुढचा टॅकल घाईनं करून सहावा फाउल झाला की समोरच्या संघाला, मधे बचावपटूंची भिंत नसलेली, फ्री किक मिळते. थकलेलं डोकं असे निर्णय चुकवतं आणि कॅफीनचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती प्रयोगांच्या सरासरीत दिसत नाही. एका संघात हलक्या अंगाचा एक पिव्होट, म्हणजे सर्वात पुढे खेळणारा आक्रमक, होता, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थांबवण्यात तरबेज. त्यानं ३०० मिलिग्रॅम घेऊन खेळायला सुरुवात केली आणि त्याचा पहिला स्पर्श बिघडला. चेंडू तळव्याखाली दाबून धरण्याऐवजी पाय अर्धा क्षण आधीच हलायचा, चेंडू पुढे निसटायचा. त्याला स्वतःला मात्र आपण जबरदस्त खेळतोय असं वाटत होतं, कारण अंगात उत्साह होता. डोस १२५ वर आणल्यावर पाय पुन्हा शांत झाला. फुटसालचा चेंडू कमी उसळतो, त्याला तळव्यानं ताब्यात ठेवायचं असतं, जागा चिंचोळी असते. अशा खेळात उतावीळपणाची किंमत मोठ्या मैदानापेक्षा जास्त मोजावी लागते. गोलरक्षकांच्या बाबतीत मी आणखी सावध असतो. त्यांचं धावणं कमी, थांबून वाट बघणं जास्त. कॅफीननं हात थरथरत असतील किंवा खेळाडूच्या पायाआधीच शरीर एका बाजूला झुकायला लागलं असेल, तर सावधपणा वाढून उपयोग काय? काही गोलरक्षकांना लहान डोस मानवतो, पण विंगरचा डोस बघून त्यांचा डोस ठरवू नका.

किती घ्यायचं हे आता आकड्यांत. क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या शिफारशी शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम या पट्ट्यात आहेत आणि काही जणांना २ मिलिग्रॅमही पुरतं. ९ मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर फायदा वाढत नाही. धडधड, मळमळ, अस्वस्थता आणि झोपेची वाट मात्र हमखास लागते. तुमच्या ६४ किलोला ३ मिलिग्रॅमनं १९२ होतात, म्हणजे २०० ची गोळी जवळपास बरोबर बसते. तीच गोळी ५५ किलोच्या खेळाडूला किलोमागे ३.६ पडते आणि ८५ किलोच्या खेळाडूला जेमतेम २.४. सगळ्या संघानं एकच गोळी घेतली म्हणजे सगळ्यांनी एकच डोस घेतला असं होत नाही. शिफारशीच्या वरच्या टोकाला, ६ मिलिग्रॅमला, तुमचा आकडा ३८४ होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत सेवन चिंतेचं नाही असं म्हटलं, व्यायामाआधी दोन तासांच्या आत घेतलेलंही त्यात धरलं. म्हणजे ३८४ हा एकच डोस त्या एकवेळच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट आहे. प्रयोगशाळेत डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेला डोस आणि चेंजिंग रूममध्ये बॅगेतून काढून घेतलेला डोस यांना मी एकाच मापानं मोजत नाही. हौशी खेळाडूला मी ३ च्या वर जाऊ देत नाही. ३ नं काम झालं नाही तर बहुतेक वेळा अडचण झोपेची, जेवणाची किंवा सरावाची निघते.

तुमचा तो मित्र, जो गोळीवर कॅन पितो, त्याचाही हिशेब करू. २५० मिलिलिटरच्या सर्वसाधारण कॅनमध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं. गोळीसकट झाले २८०. दुपारी ऑफिसात दोन कप कॉफी झाली असेल तर तो सहज ४०० च्या पुढे जातो आणि हे त्याच्या गावीही नसतं, कारण कॉफी त्यानं मोजलेलीच नसते. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, ग्वाराना (कॅफीन असलेली एक वनस्पती) घातलेली पेयं, डोकेदुखीवरच्या काही गोळ्या, सगळं एकाच खात्यात जमा होतं. शिवाय वॉर्म-अपच्या आधी गॅसवालं गोड पेय पोटात गेलं की पहिल्याच झेपेला ते घशाशी येतं.

गोळी की कॉफी? कॅफीन सारखंच असेल तर कॉफीही काम करते. अडचण एवढीच की एका कपात किती आहे ते कळत नाही. बिया, दळण, पद्धत, कपाचा आकार बदलला की आकडा दुपटी-तिपटीनं बदलतो. रोज एकाच पद्धतीनं करून प्यायलेल्या कॉफीवर अनेक खेळाडूंचं उत्तम चालतं, त्यांना मी गोळीकडे वळवत नाही. एक गोष्ट मात्र पूर्ण वर्ज्य: सुटी कॅफीन पावडर. शुद्ध पावडरचा एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफीइतकं कॅफीन, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं दिलेला आहे, आणि अशा पावडरीनं तरुण मुलांचे जीव गेलेले आहेत. २०० मिलिग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकावरचे कण. घरातल्या काट्यावरही ते नीट मोजता येत नाहीत. कोणी पैसे वाचवायला पावडर आणली असेल तर ती आजच टाकून द्या.

आता वेळ. गोळी किंवा कॅप्सूल घेतल्यावर रक्तातली पातळी साधारण तासाभरात टोकाला जाते, भरल्या पोटी त्याहून उशिरा. म्हणून प्रयोगांत ६० मिनिटं आधी देण्याचा रिवाज आहे. साडेआठच्या सामन्यासाठी म्हणजे साडेसातला. कॅफीन अर्धं होण्यासाठी बहुतेकांना चार ते सहा तास लागतात, आपण पाच धरू. १९२ मिलिग्रॅमपैकी रात्री साडेबाराला सुमारे ९६ शिल्लक. म्हणजे तुम्ही कपभर कॉफी पिऊन अंथरुणावर आडवे होताय असंच समजा. वर उल्लेख केलेल्या युरोपीय अहवालातच म्हटलंय की १०० मिलिग्रॅमनंही काही प्रौढांची झोप बिघडते. २०१३ साली ड्रेक आणि सहकाऱ्यांनी झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं तर मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब वेगळीच आहे: त्या लोकांच्या स्वतःच्या नोंदीत ही घट नीट उमटलीच नाही. ‘मला कॉफीनं काही होत नाही, मी पिऊन झोपतो’ असं सांगणारा खेळाडू खोटं बोलत नसतो, पण त्याच्या शब्दावर मी डोस ठरवत नाही. झोपला होता एवढंच त्याला माहीत असतं, कशी झोप लागली ते त्याला कळत नाही.

रात्रीच्या सामन्यानंतर झोप तशीही लवकर लागत नाही. अंग तापलेलं, डोक्यात सामना, प्रखर दिव्यांखाली तास-दीड तास काढलेला. त्यात कॅफीन घातलं की झोप एक-दीडला ढकलली जाते आणि सकाळी उठायची वेळ तीच राहते. मग दुसऱ्या दिवशी पाय जड, म्हणून दुपारी जास्तीची कॉफी, म्हणून पुन्हा उशिरा झोप. हौशी संघांमध्ये मांडीचे मागचे स्नायू दुखावलेले खेळाडू माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी त्यांची गेल्या आठवड्याची झोप विचारतो. दोन-तीन टक्क्यांच्या फायद्यासाठी दर आठवड्याला एक-दोन रात्रींची झोप देणं हा तोट्याचा व्यवहार आहे, विशेषतः ज्याला सकाळी कामावर जायचंय त्याच्यासाठी.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. रात्री साडेआठच्या नेहमीच्या साखळी सामन्याला गोळी घेऊच नका. फार महत्त्वाचा सामना असेल, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल, तर १०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोमागे दीड, साडेसातला घ्या आणि दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद ठेवा. सकाळच्या सामन्याला मात्र चित्र पालटतं. सकाळी शरीराचं तापमान कमी असतं, स्नायूंचा जोर दुपारपेक्षा कमी भरतो. सकाळी किलोमागे ३ मिलिग्रॅम दिल्यावर ही तूट बरीचशी भरून निघते असं मोरा-रॉड्रिगेझ यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं. तिथे तुमची २०० ची गोळी आपलं काम चोख करेल आणि रात्रीपर्यंत बरीचशी निघूनही गेलेली असेल.

एकाच दिवशी दोन सामने असले तर लोक दोनदा पूर्ण डोस घेतात, ते चुकतं. समजा पहिला सामना दहाला आहे आणि नऊला १९२ घेतलं. दुसरा सामना तीनला असेल तर दोन वाजता सुमारे ९६ अजून रक्तात आहेतच. वाटलं तर ५० ते १०० आणखी घ्या, त्याहून जास्त नको. बहुतेक वेळा दोन सामन्यांच्या मधे भात-बटाट्यासारखं पिष्टमय जेवण, पाणी आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडणं याचा जास्त फायदा होतो.

कॅफीनचं च्युइंगगम हा प्रकार फुटसालला चांगला जमतो. ते चघळताना कॅफीनचा काही भाग तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातो, त्यामुळे परिणाम दहा-पंधरा मिनिटांत जाणवू लागतो. दुसऱ्या डावात पहिल्यांदा उतरणार असलेल्या खेळाडूला तासभर आधी अंदाजानं गोळी घ्यावी लागत नाही, मध्यंतरात ५० ते १०० मिलिग्रॅमचं गम पाच मिनिटं चघळून थुंकायचं. मैदानात उतरण्याआधी ते तोंडातून काढलंय याची खात्री करा, धडक बसली तर श्वासनलिकेत अडकू शकतं. आणि झोपेचा हिशेब इथेही तोच.

रोज कॉफी पिणाऱ्याला गोळीचा फायदा कमी मिळतो का? याबाबत अभ्यासांचं एकमत नाही. सवय असलेल्यांनाही फायदा दिसल्याचे चांगले प्रयोग आहेत, तसाच फायदा दिवसेंदिवस घटल्याचेही. पण सामन्याआधी चार दिवस कॉफी तोडण्याचा जो प्रघात पडलाय त्यानं काही मिळत नाही. तोडल्यावर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, सुस्ती येते आणि हे दोन दिवसांपासून आठवडाभरही चालू शकतं. त्यात सामना येतो. रोजची सकाळची कॉफी चालू ठेवा. कॅफीननं लघवी जास्त होऊन पाणी कमी पडतं ही भीतीही अशा डोसला धरून बसण्याजोगी नाही, घामानं जातं ते पाणी नीट भरून काढा.

कोणाला किती मानवतं यात जनुकांचा हात आहे. कॅफीनचा बहुतांश निचरा यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर करतं आणि ते काहींमध्ये जलद, काहींमध्ये मंद चालतं. २०१८ साली १०१ पुरुष खेळाडूंवर १० किलोमीटर सायकलिंगचा अभ्यास झाला. त्यात किलोमागे ४ मिलिग्रॅमनं जलद गटाची वेळ सुधारली, तर सर्वात मंद गटाची चक्क बिघडली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलेलं नाही, म्हणून जनुक चाचणीवर पैसे घालवायला मी सांगत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला खेळाडूंनी मात्र हे ध्यानात ठेवावं की त्यांच्या शरीरात कॅफीन जवळपास दुप्पट काळ राहतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि फ्लुवोक्सामाइन हे नैराश्यावरचं औषधही निचरा मंदावतात. औषध चालू असेल तर कॅफीनची गोळी नको, आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पॅनिक अटॅकचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर खेळासाठी म्हणून कॅफीन घेण्याचा विषयच बंद.

डोपिंगचं उत्तर सोपं आहे. १९८४ पासून ऑलिंपिक समितीनं कॅफीनवर मर्यादा घातली होती, पुढे ती लघवीत मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅमवर ठरली. १ जानेवारी २००४ पासून जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेनं ते प्रतिबंधित यादीतून काढलं आणि निरीक्षणाखाली ठेवलं, म्हणजे वापर किती होतोय यावर नजर असते, बंदी नाही. धोका कॅफीनच्या शेजारी बसलेल्या पदार्थांचा आहे. ‘प्री-वर्कआउट’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत कॅफीनबरोबर डायमिथाइलअमाइलअमाइन, हायजेनामाइन अशी बंदी असलेली द्रव्यं सापडलेली आहेत, कधी लेबलवर न लिहिताही. चाचणीत काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, डब्यावर काय छापलं होतं ते विचारात घेऊन सुटका होत नाही. ज्याच्या स्पर्धेत चाचणी होते त्यानं स्वतंत्र संस्थेनं तपासलेलं, फक्त कॅफीन असलेलं उत्पादनच घ्यावं. मिश्रणांपासून बाकीच्यांनीही लांब राहावं, कारण त्यांत कॅफीन नेमकं किती हेच अनेकदा कळत नाही.

त्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल मी ठाम आहे: देऊ नका. युरोपीय संस्थेनं किशोरांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत चिंतेचं नाही असं म्हटलंय, पण ती सगळ्या चहा-कोलासकट सुरक्षिततेची मर्यादा आहे, खेळासाठीची शिफारस नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही असं स्पष्ट सांगितलंय. या वयात झोप ही वाढीची आणि शिकण्याची वेळ आहे, आणि फुटसालमध्ये सोळाव्या वर्षी सुधारायच्या गोष्टी दोन-तीन टक्क्यांच्या नसतात. पहिला स्पर्श, कमकुवत पाय, बचावात परतण्याची शिस्त यांत तो एका हंगामात कितीतरी पुढे जाऊ शकतो. मोठे खेळाडू त्याच्यासमोर गोळ्या घेत असतील तर तो विचारणारच. त्याच्यासमोर घेऊ नका, एवढी तसदी संघानं घ्यावी. आणि धावताना त्याला किंवा कोणालाही कधी चक्कर आली असेल, छातीत दुखलं असेल, किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक हृदयानं मृत्यू झाला असेल, तर कॅफीन बाजूला राहू द्या, त्याची हृदयतपासणी झाल्याशिवाय त्याला सामन्यात उतरवू नका.

शेवटी तुमची स्वतःची चाचणी. सामन्यात पहिल्यांदा कधीच घेऊ नका, सरावात घ्या. तुमच्या मैदानाची रुंदी २० मीटर आहे, तीच वापरा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि परत, म्हणजे ४० मीटर, पूर्ण जोरात. मग २० सेकंद थांबा. असे सहा फेरे, प्रत्येकाची वेळ कोणीतरी लिहून ठेवायची. लगेच भिंतीवर दोन मिनिटं पास आणि ताबा, किती वेळा चेंडू सुटला ते मोजायचं. हे चार वेगवेगळ्या सरावांत, एकाच वेळेला, सारखंच जेवून करा. दोनदा १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दोनदा तशीच दिसणारी रिकामी, आणि कोणत्या दिवशी काय हे तुम्हाला माहीत नसू द्या, फक्त देणाऱ्याला माहीत. हे सोपस्कार वाटतील, पण त्यांना कारण आहे. २००६ साली बीडी आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना कॅफीनचे डोस देतोय असं सांगून प्रत्यक्षात रिकाम्या कॅप्सूल दिल्या. जास्त डोस मिळालाय असं वाटलं तेव्हा त्यांनी जास्त जोर लावला. अपेक्षेनं एवढं होत असेल तर उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या गोळीचं श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवताच येत नाही.

वहीत सहाही वेळा लिहा, पण बघायच्या शेवटच्या दोन. पहिल्या दोन फेऱ्यांत कॅफीन असो-नसो तुम्ही जोरातच धावाल. शेजारी चेंडू किती वेळा सुटला, पोट कसं होतं, धडधड झाली का, आणि झोप किती वाजता लागली ते लिहा. कॅफीनच्या दोन्ही दिवशी शेवटचे फेरे स्पष्टपणे चांगले असतील आणि चेंडू जास्त सुटत नसेल, तर सकाळ-दुपारच्या सामन्यांसाठी हळूहळू २०० पर्यंत जाऊन बघा. फेऱ्यांत फरक नसेल आणि झोप उशिरा लागत असेल, तर तुमच्या बाबतीत गोळी बंद, मग संघातले बाकीचे काहीही घेत असोत.